अ‍ॅसिडचं सीरम रोज लावताय? चेहऱ्यावरची ‘ती’ चमक धोक्याची खूणही असू शकते

ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक. ही नावं एकेकाळी त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातच ऐकू यायची. आता ती मेडिकलच्या काउंटरवर आणि रील्समध्येही दिसतात. त्यासोबत एक तक्रारही हमखास ऐकू येते: पहिले काही दिवस चेहरा छान उजळला, मग अचानक आग व्हायला लागली आणि आता साधं मॉइश्चरायझर लावलं तरी झोंबतं.

याला ओव्हरएक्सफोलिएशन म्हणतात. म्हणजे त्वचेचा वरचा थर गरजेपेक्षा जास्त, किंवा भरून निघण्याआधीच पुन्हा काढला जाणं.

हा थर मृत पेशींचा असला तरी निरुपयोगी नसतो. तो विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं हा त्यातला गिलावा. चेहऱ्यावर ही भिंत कागदापेक्षाही पातळ असते, पण आतलं पाणी धरून ठेवणं आणि बाहेरचे जंतू अडवणं तिच्यावरच अवलंबून असतं. जुन्या पेशी आपोआप झडतात. तरुण वयात हे चक्र साधारण चार आठवड्यांचं असतं, पुढे ते मंदावतं. अ‍ॅसिड या पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे ते रोमछिद्रांच्या आतही पोहोचतं आणि मुरुमं, ब्लॅकहेड्ससाठी वापरलं जातं.

गडबड कुठे होते?

बहुतेकदा एका बाटलीमुळे नाही, तर बेरजेमुळे. सकाळी सॅलिसिलिकचा फेसवॉश, मग ग्लायकोलिकचा टोनर, रात्री रेटिनॉल, रविवारी पीलिंग मास्क आणि महिन्यातून एकदा पार्लरमध्ये स्क्रब आणि ब्लीच. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी ठीक असते, पण चेहरा एकच असतो. शिवाय ‘ब्राइटनिंग’, ‘पोअर क्लिअरिंग’ असं लिहिलेल्या बाटलीतही अ‍ॅसिड असू शकतं. त्यामुळे मागची बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

टक्केवारीही फसवी असते. ग्लायकोलिक १० टक्के असलं तरी त्याचा जोर पीएचवर ठरतो. ३.५ पीएचचं द्रावण ४.५ पीएचच्या द्रावणापेक्षा बरंच तीव्र असतं. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिक अ‍ॅसिड १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३.५ ही मर्यादा सुरक्षित मानली आहे. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून चेहऱ्यावर चोळलं जाणारं लिंबू? त्याचा पीएच २ च्या आसपास असतो. वर उन्हात गेल्यास त्याच्या रसामुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन डागही पडू शकतात.

सुरुवातीची लक्षणं अनेकदा ‘ग्लो’ समजली जातात. वरचा थर पातळ झाला की त्वचा ताणलेली, प्लॅस्टिकसारखी चकचकीत दिसते. चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखं वाटतं, लाली उतरत नाही, एरवी न येणाऱ्या जागी बारीक पुळ्या येतात. ‘हे तर पर्जिंग आहे, चालू ठेवा’ हा सल्ला इथेच महागात पडतो. पर्जिंगच्या पुळ्या बहुतेकदा नेहमीच्या जागीच येतात, आणि त्यात पाणी लावल्यावर आग होत नाही.

भारतीय त्वचेसाठी यात आणखी एक धोका आहे. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेला दाह झाला की तिथे जास्त मेलॅनिन तयार होतं आणि काळे डाग राहतात. ते जायला कित्येक महिने लागू शकतात. डाग घालवण्यासाठी सुरू केलेलं अ‍ॅसिड असे नवे डाग देऊन जातं. ग्लायकोलिकसारख्या अ‍ॅसिडमुळे त्वचा उन्हालाही जास्त संवेदनशील होते, म्हणून ते रात्री लावायचं आणि दिवसा किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन वापरायचं.

आग सुरू झाली असेल तर?

अ‍ॅसिड, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, स्क्रब, ब्लीच सगळं थांबवायचं. सौम्य क्लिन्झर, ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं बिनसुगंधी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच ठेवायचं. फारच कोरडं वाटलं तर रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. सावरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेलं स्टेरॉइडचं मलम मात्र लावू नये. लाली दोन दिवसांत जाते खरी, पण वापर लांबला तर त्वचा आणखी पातळ होते आणि मलम बंद करताच त्रास दुपटीने परततो. फोड, सूज किंवा स्राव असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावेत, आणि जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या सोबत न्याव्यात.

त्वचा पूर्ण शांत झाल्यावर एकच अ‍ॅसिड निवडून आठवड्यातून एका रात्रीपासून सुरुवात करता येते. संवेदनशील त्वचेला मँडेलिक किंवा कमी टक्क्यांचं लॅक्टिक सहसा जास्त मानवतं. त्या रात्री रेटिनॉल नाही, आणि पार्लरची वेळ ठरलेली असेल तर त्याआधीचे काही दिवस अ‍ॅसिडही नाही.