विश्लेषण : राग आवरायला इतिहासाच्या तासाला शिकता येईल?

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री कुणीतरी टोमणा मारतो, क्षणात उलट शिवी जाते आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन गट एकमेकांना भिडतात. नववी-दहावीच्या शिक्षकांना हे नवे नाही. ‘शांत राहा’ हा उपदेश या वयात फारसा पोहोचत नाही. इतिहासाच्या धड्यातील काही प्रसंग मात्र हे काम करू शकतात.

या वयात राग अनावर का होतो?

विचारपूर्वक निर्णय घेणे, स्वतःला आवरणे यांच्याशी निगडित मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. भावना मात्र त्याआधीच जोरात उसळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या संशोधनानुसार, राग नुसता लपवल्याने आतली खदखद कमी होत नाही. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहिल्यास ती कमी होऊ शकते.

मग इतिहासच का?

स्वतःच्या भांडणाविषयी विचारले की मुले गप्प होतात किंवा स्वतःची बाजू मांडू लागतात. दुसऱ्याच्या रागाविषयी ती मोकळेपणाने बोलतात. शिवाय, त्या रागाचे पुढे काय झाले हे इतिहासात आधीच ठाऊक असते.

लिंकन यांनी काय केले?

जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकूनही जनरल मीड यांच्या हातून शत्रूचे सैन्य निसटले. संतापलेल्या अब्राहम लिंकन यांनी १४ जुलैला मीड यांना खरमरीत पत्र लिहिले, पण ते पाठवलेच नाही. पाकिटावर तशी नोंद करून ठेवून दिले. मोबाइलवर ‘सेंड’ दाबण्याआधीचा क्षण तो हाच.

महाड काय सांगते?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. संतापलेले अनुयायी प्रतिकाराला सज्ज होते. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. लढा मात्र थांबला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला सत्याग्रह परिषद भरली आणि तळ्याचा खटला १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला.

वर्गात हे कसे घ्यावे?

धडा निर्णयाच्या क्षणी थांबवायचा आणि चार प्रश्न विचारायचे. त्या व्यक्तीला नेमके काय वाटत असेल : राग, अपमान की भीती? तिच्यापुढे कोणते पर्याय होते? तिने कोणता निवडला? त्याचा परिणाम काय झाला? मग प्रत्येकाने आपल्या मनातील रागाचे एक पत्र वहीत लिहायचे. ते कुणाला दाखवायचे नाही, शिक्षकांनी तपासायचेही नाही. दोन दिवसांनी स्वतःच वाचायचे आणि त्यातले काय बोलून दाखवण्याजोगे आहे, ते ठरवायचे.

सावधगिरी कोणती?

संयम म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे, असा अर्थ मुलांनी घेता कामा नये. ज्याला रोज त्रास दिला जातो, त्या मुलाला ‘राग आवर’ एवढेच सांगणे हाही अन्यायच. त्याची तक्रार ऐकून घेणे आणि त्रास थांबवणे ही शाळेची जबाबदारी आहे. महाडला राग विझला नव्हता. त्याला दिशा मिळाली होती, आणि मुलांपर्यंत पोहोचायला हवा तो हाच फरक.