अंदाजपत्रकाचा पहिला रकाना

अर्थमंत्र्यांचे भाषण संपले, की कोणत्या वस्तूवरील कर वाढला आणि कोणत्या वर्गाच्या पदरात किती सवलत पडली याची चर्चा देशभर सुरू होते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्याला राष्ट्राच्या जमाखर्चाची समीक्षा करावयाची आहे, त्याचे काम त्या भाषणासोबत संसदेपुढे ठेवल्या जाणाऱ्या दस्तऐवजांपासून सुरू होते. संविधानाच्या ११२ व्या अनुच्छेदानुसार मांडले जाणारे वार्षिक वित्तीय विवरण हे त्यांतले सर्वांत आटोपशीर. त्याच्या मागून जमेचे अंदाजपत्रक, खर्चाचे अंदाजपत्रक, खात्याखात्यांच्या अनुदानाच्या मागण्या आणि परिशिष्टांचा मोठा पसारा येतो.

खर्चाच्या अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीपुढे चार रकाने असतात: गेल्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाची तरतूद. सर्वांची नजर चौथ्या रकान्याकडे जाते. मी मात्र बोट पहिल्यावर ठेवतो. चौथ्या रकान्यात सरकारची इच्छा असते; तिसऱ्यात वर्षाचे दोन महिने शिल्लक असताना वित्त मंत्रालयाने खात्यांशी घासाघीस करून काढलेला मध्यम मार्ग असतो; खजिन्यातून खरोखर बाहेर पडलेला पैसा पहिल्यातच सापडतो. एखाद्या योजनेसाठी वर्षामागून वर्षे मोठी तरतूद होते आणि पहिल्या रकान्यात मात्र दर वेळी त्याहून पुष्कळ उणी रक्कम उमटते, तेव्हा त्या तफावतीची जितकी माहिती एका ओळीत मिळते, तितकी कोणत्याही भाषणात मिळत नाही.

आपल्यासारख्या देशात, जेथे कोट्यवधी कुटुंबांची चूल रास्त भावाच्या दुकानावर अवलंबून आहे, अन्नधान्यावरील अर्थसाहाय्याची ओळ मी सर्वांआधी काढतो. २०१९-२० साली या बाबीचा मूळ अंदाज १,८४,२२० कोटी रुपयांचा होता आणि सुधारित अंदाज १,०८,६८८ कोटींचा. केवळ हे दोन आकडे पाहणाराला वाटावे, की सरकारने गरिबांच्या धान्यात हात आखडता घेतला. वस्तुस्थिती तशी नव्हती. भारतीय अन्न महामंडळ पूर्ववत गहू-तांदूळ खरेदी करीत होते व शिधावाटपासाठी पाठवीत होते. फक्त त्या खर्चाची भरपाई सरकारने आपल्या तिजोरीतून न करता, राष्ट्रीय अल्पबचत निधीतून महामंडळाला त्या वर्षी सुमारे १ लाख १० हजार कोटींचे कर्ज देवविले होते. म्हणजे टपाल कचेरीत पै पै साठविणाऱ्या माणसांच्या ठेवींतून स्वस्त धान्याचा खर्च भागत होता, ते देणे अखेर सरकारच्याच शिरावर होते, आणि तरीही वित्तीय तुटीच्या आकड्यात त्याचा मागमूस नव्हता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या प्रघातावर आपल्या अहवालात आक्षेप नोंदविला होता, आणि पुढे अशा कर्जांचे एक परिशिष्टही दस्तऐवजांत जोडले जाऊ लागले. ज्याला ते उघडण्याची सवय होती, त्याला सर्व दिसत होते.

पुढील वर्षी याच बाबीची मूळ तरतूद १,१५,५७० कोटी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुधारित अंदाज आला ४,२२,६१८ कोटींचा. महामारीतील मोफत धान्य हा त्याचा एक भाग, आणि महामंडळावरील जुन्या कर्जाची फेड हा दुसरा. वर्षाची प्रत्यक्ष रक्कम पुढे ५ लाख ४१ हजार कोटींवर गेली. संकटाच्या वर्षी, तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९.५ टक्के सांगावी लागत असताना, हे झाकलेले देणे उघड्यावर आणणे हा मी त्या काळातील सर्वांत प्रामाणिक हिशेबी निर्णय मानतो. आणि त्याची वाखाणणी व्हावी तितकी झाली नाही याचे मला दुःख आहे.

अंदाजपत्रक असे वाचण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात बोलावयास उभे राहिले, तेव्हा सरकार आपल्या शिलकीचा अभिमान मिरवीत होते. रुपयाचा भाव घसरल्यामुळे विलायतेतील देणी भागविण्यासाठी जे कर वाढविले गेले, ते रुपया सुमारे तेरा पेन्सांवरून सोळा पेन्सांपर्यंत सावरल्यावरही कायम राहिले, आणि दुष्काळाने होरपळलेल्या प्रजेकडून घेतलेला तोच अधिक पैसा ‘शिल्लक’ म्हणून दाखविला जात होता, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. त्या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाचे अनेक वर्षांचे मूक परिश्रम होते. त्या वाढीव करांपैकी मिठावरील कर १९०३ मध्ये मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला.

आजच्या जमाखर्चातील सर्वांत जड ओळ व्याजाची. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात एकूण ५०.६५ लाख कोटी खर्चापैकी १२.७६ लाख कोटी व्याजापोटी धरले होते. म्हणजे त्या वर्षी महसुली जमेच्या दर शंभर रुपयांतले सदतीस गेल्या पिढ्यांच्या कर्जाकडे वळते होणार होते, आणि शाळा, दवाखाने, पाटबंधारे यांचा विचार त्यानंतर सुरू होतो.

तुटीची टक्केवारी ज्या भाजकावर उभी असते, त्याची परीक्षा मी अखेरीस करतो, कारण तेथेच अधिक सबुरी लागते. त्याच अंदाजपत्रकात तूट ४.४ टक्के म्हणताना, राष्ट्रीय उत्पन्न चालू भावांनी १०.१ टक्के वाढेल असे गृहीत धरले होते; ते कमी वाढले, तर एक रुपयाही अधिक खर्च न होता टक्केवारी चढते. शिवाय ज्या उत्पन्नावर ही वाढ मोजावयाची, त्याचे पहिले अनुमान वर्ष संपण्यापूर्वी, जानेवारीत निघते, आणि त्यात हातगाडीवाला, घरबसल्या विड्या वळणारी बाई, गावचा सुतार यांची कमाई बरीचशी तर्काने धरलेली असते, कारण तिचा हिशेब महिन्याच्या महिन्याला कोणी लिहीत नाही. १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस, पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. म्हणून माझ्या टिपणांत तूट आधी कोटी रुपयांत लिहिलेली असते, आणि टक्केवारी पुढे येते ती, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ज्या अनुमानावरून काढली त्याच्या तारखेसह.