एसीचा पंखा मधेच बंद पडतो? आधी फॉल्ट पकडा, मग पार्ट बदला

होळी उलटली की गॅरेजमध्ये एक ठरावीक तक्रार येऊ लागते. "उस्ताद, एसीचा पंखा चालता चालता बंद होतो. खड्ड्यातून गाडी गेली की आपोआप सुरू होतो." गाडी बहुधा जुनी असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, इंडिकाचे २०१८ मध्ये आणि सुमोचे २०१९ मध्ये. तरी भाड्याने चालणाऱ्या अशा गाड्या अजून रस्त्यावर दिसतात, आणि पुष्कळदा गाडीचा मालक स्वतःच ड्रायव्हर असतो. भर उन्हात पंखा बंद पडला तर त्याचे भाडे जाते.

आमचे अनेक बांधव गॅरेज व ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात आहेत. त्यांना या कामाची खरी अडचण ठाऊक आहे. गाडी गॅरेजमध्ये उभी असते तेव्हा पंखा व्यवस्थित चालतो! मग वायरमन अंदाजाने मोटर बदलतो. चार दिवसांनी ग्राहक परत येतो, तेव्हा रजिस्टन्स बदलला जातो, त्यानंतर रिले. तीन वेळा पैसे मोजून शेवटी एक सैल पिन निघते. तो ग्राहक पुन्हा येत नाही आणि स्टँडवर दहा जणांना सांगतो ते वेगळेच.

सर्वप्रथम ग्राहकाला नीट विचारावे. कोणता पंखा? आतला ब्लोअर की पुढे कंडेन्सरजवळचा? सिग्नलला थांबल्यावर हवा गरम लागते व गाडी पळू लागली की गार होते, तर संशय पुढच्या पंख्यावर घ्यावा. पंख्याचा आवाज चालू आहे, पण तासाभराने हवा कमी होत जाते, तर आत कॉइलवर बर्फ धरत असावा. तो थर्मोस्टॅटचा किंवा गॅसचा विषय आहे, तेथे मोटर बदलून काहीच होणार नाही. फक्त वरच्या स्पीडला पंखा चालतो आणि खालच्या स्पीडला नाही, तर बहुतेक गाड्यांत रजिस्टन्स गेलेला असतो, कारण वरच्या स्पीडचा करंट त्यातून जात नाही. सर्व स्पीडला पंखा मधेच बंद होत असेल तर मात्र मोटर, अर्थ, रिले, स्विच व मधले सर्व प्लग तपासावे लागतात.

ब्लोअरची मोटर सहसा ग्लोव्ह बॉक्सच्या खाली असते. पंखा बंद पडलेला असताना मोटरच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारावी. पंखा फिरू लागला तर कार्बन झिजले असण्याचा संभव मोठा. हातोडी वापरू नये, आतल्या चुंबकाला तडा जातो.

पण टिचकीने प्लगही हलतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये. एक साधा उपाय आहे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन लांब वायरी जोडा. त्या मोटरच्या प्लगच्या मागून दोन्ही पिनांना लावा, बल्ब समोर दिसेल असा ठेवा आणि पंखा फुल स्पीडला टाकून ग्राहकालाच गाडी चालवू द्या. आपण शेजारी बसावे. स्पीड ब्रेकर घ्या, खराब रस्ता घ्या. पंखा थांबला त्या क्षणी बल्ब पाहा. बल्ब लख्ख पेटलेला असेल तर करंट मोटरपर्यंत येत आहे, दोष मोटरचा. मंद असेल तर कुठला तरी जोड करंट खातो आहे. विझला असेल तर बल्बचे अर्थकडचे टोक काढून बॉडीच्या घासलेल्या स्वच्छ धातूला लावा. बल्ब पेटला तर अर्थच्या बाजूला शोध घ्या, नाही पेटला तर पॉझिटिव्हच्या बाजूला. बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत स्पीडचा स्विच व रजिस्टन्स अर्थच्याच बाजूला असतो, हे ध्यानात असू द्यावे.

मल्टिमीटर असताना बल्ब कशाला, असे तरुण शागीर्द विचारतात. वायरीचा एकच तार शाबूत असला तरी मोटरचा प्लग काढून घेतलेल्या मापात मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब करंट ओढतो, म्हणून जोडाचा कच्चेपणा उघडा पडतो.

हा कच्चा जोड किती तापतो याचा हिशेब करू. मोटर १५ अँपिअर ओढत असेल आणि जोडात अवघा ०.१ ओहम अडथळा असेल तर दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो आणि सुमारे २२ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे त्या इवल्याशा प्लगमध्ये इंडिकेटरचा बल्बच पेटून राहिला म्हणा! प्लग पिवळा-काळा पडतो, पिन सैल होते, पंखा कधी चालतो कधी नाही. असा प्लग घासून परत बसवू नये. पिनांसह बदलावा. वायर पिळून वर टेप गुंडाळणे तर अजिबात नको. आणि फ्यूज उडतो म्हणून २० अँपिअरच्या पिवळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा टाकणे म्हणजे वायरिंग जाळण्याची तयारी होय.

मोटरच खराब निघाली तर काही मोटरी उघडतात, कार्बन बदलता येतात. कम्युटेटर बारीक काच कागदाने साफ करावा, एमरी वापरू नये. बंद बनावटीची मोटर पूर्ण बदलावी लागते, आणि जुन्या गाडीला पुष्कळदा भंगार बाजारातली लावली जाते. त्यात गैर काही नाही. मात्र ती जुनी आहे हे ग्राहकाला सांगून बिलावर तसे लिहावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि ओला माल वर लोकांना दिसेल असा का ठेवला नाही, अशी विचारणा त्यांनी विक्रेत्याला केली, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. रंग मारून नवी म्हणून विकलेली मोटर ही त्याच ढिगातली.

येथे मजुरीचा प्रश्न येतो. तासभर गाडी फिरवून सैल पिन सापडली तर बिल कशाचे करायचे? पार्ट विकला नाही तर कमाई नाही, या हिशेबामुळेच चांगले कारागीरही विनाकारण मोटर बदलतात. यास्तव तपासणीची मजुरी आधीच ठरवून सांगावी. डॉक्टर तपासण्याची फी घेतो, त्याला कोणी हरकत घेत नाही. वायरमननेही संकोच करू नये. ती हलाल रोजी आहे. सुरुवातीला काही ग्राहक कुरकुर करतील, पण ज्याचा पंखा एका फेरीत दुरुस्त झाला तो दुसऱ्याला घेऊन येतो.

पुढच्या पंख्याचे काम करताना बॅटरीची अर्थ काढून ठेवावी. काही गाड्यांत चावी बंद असतानाही तो अचानक फिरू लागतो आणि बोटे जातात.

पावसाळ्याच्या तोंडावर ब्लोअरमधला पालापाचोळा काढावा, एसीच्या पाण्याची निचरा नळी फुंकून मोकळी करावी. पाणी तुंबून मोटरवर आले की बुश गंजतो. रजिस्टन्स हवेच्या मार्गात ठेवलेला असतो तो गार राहावा म्हणून, हवा अडली की तो जळतो. त्याला बाहेर काढून डॅशबोर्डमागे टांगणारे कारागीर आहेत, त्यांचे अनुकरण करू नये.

गाडी ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी पंखा अर्धा तास फुल स्पीडला चालवावा आणि मग प्लगवर बोट ठेवून पाहावे. बोट टेकवत नसेल इतका तो गरम असेल, तर काम अजून बाकी आहे.