राहुटीतले चार दिवस



आषाढ जवळ आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात एकच विचारणा सुरू होते, “यंदा जाणार का?” कुठे, हे कोणी विचारत नाही. पंढरपूर हे सांगावं लागत नाही. वारीत चालण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पाय सुजले, फोड आले, पाऊस लागला, हे सगळं घरी येऊन सांगतो. पण तिथे पोचल्यावर राहायचं कसं, याबद्दल बायका फारसं बोलत नाहीत. आज त्याबद्दलच बोलू या.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, लोक चाकावरचं घर घेऊन फिरतात. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं, आणि मुक्कामाला एखाद्या तळावर गाडी लावून तिथल्या नळाला आणि विजेला जोडणी घ्यायची. सुट्टीच्या दिवसांत तिथेही गाडीला गाडी लागते. ऐकताना नवल वाटतं, पण आपल्या दिंडीचा ट्रक म्हणजे दुसरं काय? खाली भांडी, शेगड्या, पिठाची पोती. वर तंबू, बांबू, ताडपत्री. ट्रक पुढे जातो, जागा धरतो, राहुट्या लागतात. आपण मागून चालत येतो ते थेट आपल्या घरी!

पंढरपुरात असा सगळ्यांत मोठा तळ म्हणजे चंद्रभागेच्या पलीकडचा ६५ एकर. त्याला भक्तिसागर असंही म्हणतात. पूर्वी पुष्कळ दिंड्या नदीच्या वाळवंटातच राहुट्या टाकत. शौचालयं पुरेशी नसायची. मग सगळी घाण नदीकाठी, आणि ती उचलायची कोणी? सफाई कामगारांनी, हातांनी. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून हाताने मैला उचलून घेण्यावर बंदी आहे. पंढरपूरचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या आदेशांनंतर वाळवंटातला मुक्काम थांबला आणि ६५ एकरात सोय झाली. तिथे प्लॉट पाडलेले आहेत. दिंडीने मागणी करायची, प्रशासन जागा नेमून देतं. पाणी, वीज, शौचालयं, दवाखाना, पोलीस, सगळं आवारातच असतं.

सोय आहे, पण माणूसही तितकंच आहे. आमची दिंडी लहान. सोलापूरहून सत्तरेक किलोमीटर चालून नवमीला पोचायचं आणि द्वादशीला उपवास सोडून निघायचं. चार दिवस. पहिल्या वर्षी मी राहुटीत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. सतरा बायका, सतरा पिशव्या आणि सतरंजीएवढी जागा. एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. आमच्या राहुटीची दोरी शेजारच्या दिंडीच्या खुंटीला अडकलेली. रात्री बाहेर जाणारी प्रत्येक बाई त्या दोरीला अडखळायची आणि “माउली, माउली” म्हणत सावरायची. एका बाजूला कीर्तन, दुसऱ्या बाजूला जनरेटर. झोप लागली ती पहाटे, आणि तेव्हाच अंघोळीसाठी उठायची हाक आली.

त्याच रात्री पाऊस झाला. आपल्याकडची काळी माती भिजली की काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहेच. वरच्या अंगाच्या राहुट्यांचं पाणी आमच्याकडे वाहत आलं. जुन्या वारकरी बायका हसल्या. त्यांनी राहुटी लागल्या लागल्या भोवती वीतभर खोल चर खणून घेतला होता. आम्ही खणला नव्हता. माझी सोलापुरी चादर भिजली आणि घरी येईपर्यंत वाळली नाही. तेव्हापासून मी जाड चादर घरी ठेवते. एक पातळ पांघरूण आणि खाली अंथरायला प्लास्टिकचा कागद, एवढंच नेते.

या सगळ्याची सवय होते. ज्या गोष्टीची सवय करून घेऊ नये, ती आता सांगते.

आमच्या राहुटीत मोहोळकडच्या एक मावशी होत्या. साठीच्या पुढच्या, पण चालायला आमच्यापेक्षा चपळ. दशमीला दुपारी मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. त्या म्हणाल्या, “नगं बाई. पाणी पिलं की जावं लागतंय.” शौचालयासमोर मोठी रांग होती. संध्याकाळीही त्या नको म्हणाल्या. अंधारात चिखलातून कुठं जायचं! दुसऱ्या दिवशी एकादशी, त्यात उपवास. दर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत गेलेली असते. रांगेत उभं राहायचं म्हणून त्यांनी पहाटेपासून घोटभर पाणीही घेतलं नाही. दुपारी राहुटीत आल्या आणि बसल्या जागी कलंडल्या. ओठ कोरडे, हात थंड. दोघींनी धरून तिथल्या दवाखान्याच्या तंबूत नेलं. सलाईन लावली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “मावशी, पाणी कधी प्यायलात?” मावशींना आठवेना.

मैत्रिणींनो, हे एका मावशींचं नाही. आपण सगळ्याच हे करतो. एसटीच्या प्रवासात करतो, लग्नाच्या मांडवात करतो, शेतात करतो. शौचालय नाही, किंवा आहे पण जाववत नाही, म्हणून आपण पाणीच तोडतो. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते. ती तुंबवून ठेवली की जंतू वाढायला वेळ मिळतो. मग जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोट दुखतं. थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत कळ आली, तर त्रास मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी घरी गेल्यावर बघू, असं म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ओळखायची सोपी खूण आहे. लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरेसं आहे. गडद पिवळा झाला तर कमी पडतंय. तहान लागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने घोट घोट घेत राहा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे ज्यांना पाण्याचं माप ठरवून दिलं आहे, त्यांनी मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाबद्दलही आधीच विचारून घ्या.

पाणी चांगलं हवं, हे आलंच. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. उकळलेलं किंवा क्लोरीन टाकलेलंच पाणी प्या. जुलाब सुरू झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घेत राहा, आणि दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट पाळीची. वारीत अडचण नको म्हणून पुष्कळ जणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. शेजारणीने दिल्या, दुकानातून आणल्या, आणि सुरू केल्या. असं करू नका. रक्ताची गाठ झालेली असेल, रक्तदाब असेल, यकृताचं दुखणं असेल, तर या गोळ्या घातक ठरू शकतात. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि पाळी आलीच, तर लपवत ओल्या कपड्यात दिवस काढू नका. पॅड वेळेवर बदला आणि कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका. शौचालयात टाकलं तर ते तुंबतं, आणि ते मोकळं करायला पुन्हा कोणाचा तरी हात घालावा लागतो. वाळवंटातला मुक्काम कशासाठी थांबला, ते विसरू नका.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या गर्दीत आपलं कोण ऐकणार? तर वारीचीच एक रीत सांगते. माउलींच्या पालखीसोबत रोज संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. हरवलेल्या, सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात. एवढ्या गर्दीतही तक्रार ऐकायची जागा ठेवलेली आहे.

मग आपल्या राहुटीत का नको? मावशींच्या प्रसंगानंतर आम्ही पहिल्या संध्याकाळी सगळ्या जणी एकत्र बसायला लागलो. दहाच मिनिटं. कोणाला काय दुखणं आहे, कोणाच्या गोळ्या कोणत्या, कोणाची पाळी आहे, हे मोकळेपणाने सांगायचं. रात्री बाहेर जायला जोड्या ठरवायच्या. एकीने दुसरीला उठवायचं आणि उठवलं म्हणून कोणी कुरकुरायचं नाही. बॅटरी दाराच्या बांबूला टांगलेली. ज्येष्ठ बायकांची अंथरुणं दाराशी. शौचालयाची वेळ गर्दी वाढायच्या आधीची. आणि पाण्याची एक कळशी मधोमध, समोरून जाणारीने घोट घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. दिंडीप्रमुखांनाही सांगितलं की, प्लॉट मिळाला की आधी शौचालय किती लांब आहे ते बघा, मग ट्रक लावा. पहिल्यांदा ते जरा बिचकले. आता न सांगता बघतात.

निघण्याआधी एवढं करा. दिंडीचा क्रमांक आणि प्रमुखांचा फोन नंबर एका कागदावर लिहून कमरेच्या पिशवीत ठेवा. मोबाइल बंद पडतो, कागद बंद पडत नाही. ट्रकचा नंबर पाठ करा. रात्री सगळ्या राहुट्या सारख्याच दिसतात.

आणि ज्यांच्या गावावरून पालख्या जातात, त्या नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूज, वाखरीकडच्या मैत्रिणींनो, तुम्ही वाटेवर चहा देता, भाकरी देता, पिठलं देता. त्याबरोबर एखाद्या बाईला विचारा, “आत जाऊन यायचंय का? या.” तुमच्या घरातलं शौचालय पाच मिनिटं उघडं ठेवलंत, तर ती बाई दिवसभर पाणी पिईल.

मोहोळच्या मावशी पुढच्या वर्षीही आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच तांब्या उचलला, अर्धा प्यायल्या आणि म्हणाल्या, “चल, जोडीला ये माझ्या.”

रामकृष्णहरी!