मडक्यातला क्लोरीन

जंतू मारणे तसे अवघड नाही. विहिरीत ब्लीचिंग पावडरची अख्खी गोणी ओतली तर त्यात फारसे काही जिवंत उरणार नाही. मात्र ते पाणी कुणी तोंडालाही लावणार नाही. खरी अडचण असते ती मात्रेची आणि वेळेची. नागपूरच्या एका संशोधन संस्थेने तिच्यावर दोन मडक्यांचा उपाय काढला. आपल्याकडे विज्ञानाच्या अभिमानाच्या गोष्टी निघतात तेव्हा या मडक्यांची आठवण क्वचितच कुणाला होते.

ही संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते.

ब्लीचिंग पावडर (ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल) पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून जिवाणूच्या ऋणभारित आवरणातून तो सहज आत शिरतो आणि आतली विकरे व प्रथिने निकामी करतो. पाणी अल्कधर्मी असेल तर याच आम्लाचे ऋणभारित आयन होतात आणि मारा दुबळा पडतो.

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून बनू लागलेल्या पेनिसिलीनची रीत वेगळी. ते जिवाणूच्या पेशीभित्तिकेची बांधणीच अडवते. माणसाच्या पेशीला अशी भित्तिका नसल्याने ते आपल्याला पोटात घेता येते. लोणच्यातले मीठ जंतूच्या पेशीतले पाणी ओढून घेऊन त्याची वाढ थांबवते. क्लोरीनला असला विवेक नाही. कुजलेला पाला, गाळ, जंतू, जे समोर येईल त्याच्यावर तो खर्ची पडतो. ही सगळी मागणी भागवून जो शिल्लक राहतो तोच कामाचा, आणि तो लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम, निदान तासभर टिकावा लागतो.

चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम पुरते. पण विहीर म्हणजे टाकी नव्हे. दिवसभर पोहरे पडतात, झऱ्यांतून नवे पाणी येते, आणि सकाळी टाकलेली मात्रा संध्याकाळपर्यंत विरून जाते. जास्त टाकावी तर पाण्याला उग्र वास येतो.

नीरीच्या पद्धतीत एका मडक्यात दुसरे मडके बसवतात. बाहेरचे ३० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद. प्रत्येकाला १ सेंटिमीटरचे एक भोक: आतल्याला वर काठाजवळ, बाहेरच्याला बुडापासून ४ सेंटिमीटरवर. १ किलो पावडर आणि २ किलो जाड वाळू किंचित ओलवून आतल्या मडक्यात, भोकाच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंत भरायची. बाहेरच्याचे तोंड पॉलिथिनने बांधायचे आणि दोराने जोडी पाण्याखाली निदान मीटरभर सोडायची, म्हणजे बादल्यांचा धक्का लागत नाही.

सारी करामत भोकांच्या जागेत आहे. क्लोरीनला आतल्या मडक्यातून वर चढून बाहेर पडावे लागते, मग दोन मडक्यांमधल्या जागेतून खाली उतरून दुसरे भोक गाठावे लागते. वाट लांब आणि दार अरुंद, त्यामुळे तो थोडाथोडाच पाझरतो. ४५०० लिटरच्या घरगुती विहिरीला एका वेळी जेमतेम ११ ग्रॅम पावडर लागते; इथे किलोभर आत असूनही पाणी उग्र होत नाही. रोज ३६० ते ४५० लिटर उपसा असेल तर दोन-तीन आठवडे काम चालते. ना वीज, ना पंप. कुंभाराकडची दोन मडकी.

मर्यादा आहेतच. अमीबासारख्या आदिजीवांच्या कवचबंद अवस्थेला एवढा क्लोरीन पुरत नाही. गढूळ पाण्यात तो वाया जातो. दमट खोलीत उघडी राहिलेली पावडर आपला जोर आधीच गमावून बसलेली असते, आणि ते नुसते पाहून कळत नाही.

म्हणून पाणी तपासत राहावे लागते. नमुन्यात ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग येईनासा झाला, की दोर ओढून मडकी वर काढायची, आतली वाळू उपसायची आणि नवे मिश्रण भरून पुन्हा खाली सोडायची.