उत्तर आले, उकल कुठे?

‘कासारवाडीच्या पोटात शिऱ्याचे साहित्य (२).’

हा शब्दकोड्यातला एक संकेत. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. वाचताना डोळ्यांपुढे लोकलचे स्टेशन येते, नाशिक फाट्याचा दुमजली पूल येतो. पण कोडे घालणाऱ्याला गाव नको आहे, गावाच्या नावाची अक्षरे हवी आहेत. का-सा-र-वा-डी. तिसरे आणि चौथे अक्षर उचला, ‘रवा’ हाती येतो.

इंग्रजी वृत्तपत्रांचे वाचक ज्याला ‘क्रिप्टिक’ म्हणतात, ते गूढ शब्दकोडे असे चालते. साध्या कोड्यात फक्त अर्थ दिलेला असतो. गूढ कोड्यात संकेताच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरांतून घडवण्याची कृती असते. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या की उत्तर पक्के. त्या दोन वाटा उलगडून मांडणे म्हणजे उकल. माझ्या मते कोडे सोडवणे उकलीपाशी पूर्ण होते, चौकट भरली म्हणून नव्हे.

शब्दकोड्याचा आजचा प्रकार आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापला. आकृती हिऱ्यासारखी होती, संकेत साधे होते. त्यात गूढता भरली ती इंग्लंडने. एडवर्ड पॉइस मॅथर्स हे ‘टॉर्केमाडा’ या नावाने १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये अतिशय अवघड कोडी घालू लागले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० रोजी पहिले कोडे छापले. भारतात ‘द हिंदू’ने १९७१मध्ये स्वतःचे कोडे सुरू केले. त्याचे पहिले रचनाकार होते व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी, १९५८मध्ये नौदलाची सूत्रे हाती घेणारे पहिले भारतीय.

हे सारे इंग्रजीतले. पण मराठीत हे जमते का? माझ्या वहीतले काही संकेत पाहा.

‘सरकारला द्यावा लागणारा हात (२).’ उत्तर ‘कर’. हा सरळ श्लेष आहे, दोन अर्थ शेजारी ठेवलेले.

‘उलटलेली सत्ता आणते म्हातारपण (२).’ सत्ता म्हणजे ‘राज’. ते उलटे वाचले की ‘जरा’, म्हणजेच म्हातारपण.

‘रामाने भोगला रानापाठोपाठ गंध (४).’ रान म्हणजे ‘वन’, गंध म्हणजे ‘वास’. एकापाठोपाठ एक ठेवले की ‘वनवास’.

‘विस्कटले कमल, लेखणी सापडली (३).’ क-म-ल ही अक्षरे हलवली की ‘कलम’.

शेवटच्या प्रकारात इंग्रजी आणि मराठी वेगळ्या वाटेने जातात. इंग्रजीत एकेक वर्ण सुटा असतो, म्हणून दहा-पंधरा वर्णांचे वाक्यही विस्कटता येते. आपल्या कोड्यात एका घरात पूर्ण अक्षर बसते, मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असेल तर तेही. त्यामुळे अक्षरांची अदलाबदल लवकर संपते. याची भरपाई उलटे शब्द, शब्दांच्या जोडण्या, पोटातले शब्द आणि सगळ्यात जास्त श्लेष करतो. श्लेषाची आपल्याला काय कमतरता? संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले. मुक्ताबाईंचे कूट अभंग वारकऱ्यांच्या तोंडी आहेत. बारामतीच्या मोरोपंतांनी ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. अक्षरांशी शिस्तीने खेळणे आपल्या परंपरेच्या हाडीमांसी भिनले आहे.

आता आपला पहिला संकेत थोडा बदलू. ‘कासारवाडीच्या पोटात खायचे काहीतरी (२).’ ‘रवा’ बसतो. पण त्याच पोटात ‘सार’ही आहे! दोन्ही उत्तरे तितकीच योग्य. आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरे मदतीला आली नाहीत, तर सोडवणाऱ्याने नाणे उडवायचे काय?

हा प्रश्न कधीकाळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पन्नासच्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे वेड देशभर होते. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचे, मोठ्या रकमेची आशा धरायची. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातल्या ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’वर मुंबई राज्याने कर बसवला आणि चालक चमारबागवाला न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला: ही स्पर्धा जुगार आहे आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण मिळणार नाही. जिंकण्यासाठी उत्तर बरोबर असून भागत नव्हते, संपादकाने आधीच ठरवलेल्या उत्तराशी ते जुळावे लागे. केंद्राच्या १९५५च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने महिन्याची बक्षिसे एक हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर रोखल्या होत्या. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात हा कायदा वैध ठरला, मात्र तो फक्त नशिबाच्या स्पर्धांना लागू राहिला. कौशल्याच्या स्पर्धा मोकळ्या राहिल्या.

नशीब आणि कौशल्य यांच्यातली ती रेषा म्हणजेच उकल. ‘रवा’ का आणि ‘सार’ का नाही, हे कागदावर दाखवता आले तर ते कौशल्य. दाखवता आले नाही तर तो अंदाज, भले छापील उत्तराशी जुळो. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत प्रत्येक जॉब गेजवर लावून तपासतात. एका बाजूने गेज गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूने अडला पाहिजे. संकेतालाही तसेच तपासावे: योग्य उत्तर सहज बसावे आणि दुसरे कोणतेही अडावे.

इंग्लंडमध्ये ही तपासणी शिस्तीने झाली. टॉर्केमाडांनंतर १९३९मध्ये आलेले ‘झिमेनीझ’, म्हणजे डेरिक मॅकनट, यांनी न्याय्य संकेताचे नियम घालून दिले आणि १९६६मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. संकेतात एकही फालतू शब्द नको, अर्थ नेमका हवा, कृती व्याकरणात बसायला हवी. त्यांच्या स्पर्धेत वाचकच संकेत रचून पाठवत. निवडलेले संकेत आणि त्यांवरची परखड टिप्पणी ‘स्लिप’ नावाच्या पत्रकातून वाचकांना मिळे. १९७२पासून ‘अझेड’ या नावाने जोनाथन क्राउदर यांनी ती प्रथा पुढे नेली. टॉर्केमाडा आणि झिमेनीझ ही स्पॅनिश धर्मन्यायाधीशांची नावे. ‘अझेड’ हे डेझा या तिसऱ्या न्यायाधीशाचे नाव उलटे लिहून झालेले.

अशी चिकित्सा करायला विद्वत्ता लागत नाही, सवय लागते. कोडे सुटले की पेन खाली ठेवू नये. प्रत्येक उत्तराशेजारी एका ओळीत उकल लिहावी. अर्थ जिथे संपतो आणि कृती जिथे सुरू होते, तिथे उभी रेघ मारावी. मग तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक शब्दाला काम आहे का? दुसरे उत्तर बसते का? वरवर वाचताना वाक्य मराठी वाटते का? तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ओढूनताणून जुळवलेल्या संकेतात युक्ती असते, पण गोडी नसते. पहिल्या पाळीला निघालेले दोघे पुणे-लोणावळा लोकलमध्ये एकाच कोड्यावर वाकलेले असतील, तर उकल एकमेकांना पटवून द्यावी लागते. त्या वादात भाषा जितकी शिकायला मिळते तितकी पाठांतराने मिळत नाही.

मराठी दैनिकांतली कोडी बहुतेक समानार्थी शब्दांची असतात आणि दुसऱ्या दिवशी फक्त भरलेली चौकट छापली जाते. संपादकांकडे माझे मागणे छोटे आहे. आठवड्यातून एक गूढ कोडे द्या आणि उत्तरांसोबत उकलही छापा. वाचकांचे संकेत मागवा, नापसंत झालेल्यांची कारणे सांगा. कारण कळले की वाचक पुढच्या वेळी जास्त नेमका संकेत रचेल, आणि त्या वाचकांतूनच मराठीचे रचनाकार तयार होतील.