दातांचा मेळ : ओव्हरबाइट व त्यावरील उपचार

आरशासमोर उभे राहून मागच्या दाढा एकमेकींवर नीट टेकवाव्यात आणि ओठ थोडे विलग करावेत. बहुतेकांना असे दिसेल, की वरचे पटाशीचे दात खालच्या पटाशीच्या दातांच्या किंचित पुढे असून त्यांचा काही भाग झाकून टाकतात. डब्याचे झाकण डब्याच्या काठावरून थोडे खाली उतरावे, तसाच हा प्रकार होय. वरच्या दातांनी खालचे दात सुमारे दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे साधारणतः एक तृतीयांश झाकणे हे प्रकृतीला धरूनच आहे. या आच्छादनाला दंतवैद्यकात ‘ओव्हरबाइट’ असे म्हणतात. तेव्हा ओव्हरबाइट हा मुळात दोष नाही. तो प्रमाणाबाहेर वाढला, म्हणजे मात्र त्याची दखल घ्यावी लागते.

दोन मापे

‘याचे दात पुढे आहेत’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते. वरचे दात खालच्या दातांवर किती खाली उतरले आहेत, हे उभे माप म्हणजे ओव्हरबाइट. ते खालच्या दातांच्या किती पुढे आहेत, हे आडवे माप. त्याला ‘ओव्हरजेट’ म्हणतात. हे अंतर दोन-तीन मिलिमीटर असणे स्वाभाविक आहे. दोन्ही मापे पुष्कळदा एकत्र वाढलेली आढळतात. परंतु नेहमीच तसे असते असे नाही. काही माणसांचे वरचे पटाशीचे दात पुढे येण्याऐवजी आत कललेले असतात आणि पडद्यासारखे खालचे दात संपूर्ण झाकून टाकतात. बाहेरून पाहणाऱ्यास अशी दंतपंक्ती व्यवस्थितच वाटते. त्यामुळे हा दोष फार उशिरा ध्यानात येतो.

त्यापासून होणारी हानी

आच्छादन फार खोल असेल, तर तोंड मिटताना खालच्या दातांच्या कडा वरच्या दातांमागील हिरडीला किंवा टाळूला टेकतात आणि तेथे वारंवार जखम होते. काही वेळा वरचे दात खालच्या दातांपुढील हिरडीवर घासत राहतात. वर्षानुवर्षे असे चालले, तर हिरडी मागे सरते व दात झिजतात.

आडवे अंतर फार असेल, तर धोका निराळा असतो. वरचे दात ओठांच्या आवरणाबाहेर राहतात आणि खालचा ओठ त्यांच्या मागे अडकू लागतो. खेळताना मूल तोंडावर पडले, की पहिला आघात त्या उघड्या दातांवर बसतो. कायमचा दात तुटला, तर तो पुन्हा उगवत नाही.

याखेरीज आणखी एक इजा आहे. ती क्ष-किरणचित्रात उमटत नाही. वर्गात चिडवले जाणारे मूल हळूहळू हसताना तोंडावर हात धरू लागते, मोठ्याने वाचण्याचे टाळते. उपचार करावयाचा की नाही, हे ठरवताना या गोष्टीचाही विचार करणे योग्य होय.

कारणे

या दोषाचे बीज पुष्कळदा आनुवंशिक असते. खालचा जबडा वरच्या जबड्याच्या मानाने आखूड असला, तर दात आपापल्या जागी सरळ असूनही त्यांचा मेळ बसत नाही. काही कारणे मात्र जन्मानंतरची असतात. अंगठा चोखण्याची सवय फार काळ टिकली, तर वरचे दात पुढे ढकलले जातात. पटाशीचे कायमचे दात साधारणतः सहाव्या ते आठव्या वर्षी येतात. त्यापूर्वी ही सवय सुटली, तर झालेला फरक बव्हंशी आपोआप भरून निघतो.

दुधाच्या दाढांकडे ‘त्या पडायच्याच आहेत’ म्हणून दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः त्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. किडीमुळे त्या अकाली काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात सरकतात आणि पुढील सर्व रांग बिघडते.

शास्त्राची वाटचाल

वाकडे दात सरळ करण्याची खटपट जुनी आहे. फ्रान्समधील पियेर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात धातूच्या पट्टीला दात दोऱ्याने बांधून ते रांगेत आणण्याची युक्ती वर्णिली आहे. १८९९ साली अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी दंतमेळाच्या दोषांचे तीन वर्ग पाडले. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ ही त्यांनी खूण मानली. वरच्या दाढेच्या मानाने खालची दाढ आपल्या जागेच्या मागे असेल, तर तो दुसरा वर्ग. खोल ओव्हरबाइटची व पुढे आलेल्या दातांची पुष्कळ उदाहरणे या वर्गात मोडतात. आजही जगभरचे दंतवैद्य हीच भाषा वापरतात.

दात सरकतो कसा?

दात हाडात भिंतीतील खुंटीसारखा पक्का ठोकलेला आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे पटल असते. या तंतूंनी दात आपल्या खोबणीत जणू टांगलेला असतो. पटलापलीकडील हाड सजीव असते. ते सतत झिजत व नव्याने घडत असते.

दातावर एका बाजूने सौम्य व सतत दाब दिला, तर ज्या बाजूचे पटल दाबले जाते तेथे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. ज्या बाजूचे तंतू ताणले जातात, तेथे हाड घडवणाऱ्या पेशी नवे हाड रचतात. पुढची भिंत मागे हटते, मागची भिंत पुढे येते आणि दात आपल्या खोबणीसह नव्या जागी जातो. स्वीडनमधील कार्ल सॅण्डस्टेड यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून ही क्रिया १९०४ साली दाखवून दिली.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. दाब वाढवला म्हणून दात लवकर सरकत नाही. फार जोराने पटलातील रक्तवाहिन्या चेपल्या जातात, तेथील पेशी मरतात आणि हालचाल उलट खोळंबते. महिन्याला सुमारे एक मिलिमीटर ही समाधानकारक गती समजली जाते. उपचाराला दीड-दोन वर्षे वा अधिक काळ लागतो तो यामुळेच.

उपचाराचे मार्ग

वाढत्या वयाच्या मुलात खोल ओव्हरबाइटसाठी टाळूवर बसणारी एक काढघाल करता येणारी पट्टी देतात. तोंड मिटताना खालचे पुढचे दात तिच्या सपाट भागावर टेकतात व मागच्या दाढा किंचित विलग राहतात. मग दाढा हळूहळू उगवून एकमेकींना भेटतात आणि पुढचे आच्छादन कमी होते.

खालचा जबडा मागे असेल, तर त्याला पुढे धरून ठेवणारी साधने वापरतात. स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ‘ट्विन ब्लॉक’ हे असे साधन प्रथम बनवले, ते पडल्यामुळे वरचा पटाशीचा दात निखळलेल्या एका मुलासाठी. त्यात वर व खाली दोन पट्ट्या असून त्यांच्या उतरत्या कडा एकमेकींवर बसल्या, की जबडा पुढेच राहतो. अशा साधनांनी घडणारा पालट बराचसा दातांच्या सरकण्याने होतो. जबड्याच्या वाढीचा वाटा त्या मानाने थोडा असतो. लहानपणीच उपचार केलेली मुले व किशोरवयात उपचार केलेली मुले यांची तुलना करता अंतिम परिणाम बव्हंशी सारखाच आढळला आहे. मात्र लवकर उपचार झालेल्या मुलांत पुढचे दात दुखावण्याचे प्रमाण कमी असते.

कायमचे दात आल्यावर स्थिर तारांचा उपचार करतात. पूर्वी त्यासाठी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. १९५५ साली अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले, की दाताचा पृष्ठभाग फॉस्फोरिक आम्लाने किंचित खरखरीत केला असता त्यावर राळेसारखे द्रव्य घट्ट चिकटते. यामुळे पुढे लहान खाचेचे तुकडे थेट दातावर चिकटवता येऊ लागले. अलीकडे पारदर्शक साच्यांचाही उपयोग होतो. परंतु ते सर्वच दोषांवर लागू पडत नाहीत.

प्रौढांचेही दात सरकवता येतात, कारण हाड जन्मभर सजीव असते. जबड्याची वाढ मात्र थांबलेली असते. म्हणून जबड्यांतील अंतर फार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

पथ्य व सावधगिरी

दात सरळ झाले म्हणजे काम संपले असे नाही. ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी खेचू पाहतात. म्हणून त्यांना जागच्या जागी धरणारी पट्टी दीर्घकाळ वापरावी लागते. उपचार चालू असताना तारांभोवती अन्न साचते. तेव्हा दात नेहमीपेक्षा अधिक काळजीने घासावेत.

पुढच्या दातांमधील फट बुजवण्यासाठी घरच्या घरी रबराचे कडे बांधणे अत्यंत धोक्याचे आहे. ते नकळत हिरडीखाली घसरते, मुळावर वर चढत जाते आणि तंतूंचे पटल नष्ट करते. या प्रकाराने चांगले दात गमावल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

मूल सात वर्षांचे झाले, की एकदा दंतवैद्याकडून त्याच्या दातांचा मेळ तपासून घ्यावा. भारतात अनेक सरकारी दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत या शाखेचा स्वतंत्र विभाग असतो. तपासणीनंतर कित्येकदा ‘काही करण्याची आवश्यकता नाही’ असेच उत्तर मिळेल. कधी थोडे थांबण्याचा सल्ला मिळेल. ज्या थोड्या मुलांना वेळीच मदत हवी असते, त्यांचा एखादा दात मात्र या तपासणीमुळे वाचू शकतो.